उघड्या टपाची गाडी आणि आवाजाचा हिशेब

भाच्याने थार घेतली, कापडी टपाची, जुनी पण चांगल्या हालतीतली. गाडी अंगणात लावून तो उतरला आणि सलाम-दुवा व्हायच्या आधीच म्हणाला, "मामू, तुम्ही दुबईत शेखांच्या गाड्यांना सिस्टिम बसवल्यात. माझ्या गाडीला बारा इंचाचे दोन वूफर बसवून द्या."

मी नाही म्हणालो. तो रुसला. माझं नाही म्हणणं त्याला म्हातारपणाचं वाटलं असणार. ते नाही कशासाठी होतं, ते त्याला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या गाड्या पाहिल्यावर हे त्याच्या एकट्यासाठी नाही, असंही वाटतं.

आधी एक दुरुस्ती. मी दुबईत नव्हतो, शारजात होतो. औद्योगिक भागातल्या एका गाळ्यात, १९९८ ते २०१७. आणि ग्राहक शेख क्वचितच असायचे. लेबनॉनचा इंजिनिअर, इंग्रज मास्तर, केरळचा अकाउंटंट, असे लोक जास्त. त्यांतल्या ज्यांना स्पोर्ट्स कारचा शौक असायचा, पण पोर्शे परवडायची नाही, ते सेकंडहँड माझदा मिआटा घ्यायचे. दोन माणसं बसतील एवढी गाडी, वर कापडी टप. १९८९ साली ही गाडी पहिल्यांदा आली आणि नंतर जगातली सर्वात जास्त खपलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार ठरली. तिकडे नोव्हेंबर ते मार्च टप खाली करून फिरण्यासारखी हवा असते. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की हे सगळे आमच्या गाळ्याच्या दारात उभे, आणि प्रत्येकाची तक्रार तीच. टप लावलेला असताना गाणं छान लागतं. टप खाली करून शंभरच्या वेगाने निघालो की नुसता वारा.

पहिली काही वर्षं आम्हीही तेच केलं जे सगळे करतात. मोठा ॲम्प, मोठा वूफर, डिकीत खोका. पैसेही त्यातच जास्त मिळायचे, हे खोटं कशाला बोलू. एक इंग्रज मास्तर आठवतात. त्यांनी दोन वर्षांत दोनदा ॲम्प बदलला. तिसऱ्यांदा आले तेव्हा आमच्याकडचा केरळी कारागीर, वयाने माझ्या वडिलांएवढा, माझ्या कानाशी येऊन आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला की वाऱ्याशी कुस्ती खेळून कोणी जिंकत नाही, स्पीकर साहेबाच्या कानाजवळ ने. मग त्याने मास्तरांच्या सीटच्या हेडरेस्टमध्ये, दोन्ही बाजूंना, मुठीएवढे दोन स्पीकर बसवले. ॲम्प जुनाच ठेवला. मास्तर एक फेरी मारून आले आणि गाडीतून उतरायलाच तयार नव्हते.

त्या म्हाताऱ्याने अनुभवाने केलं ते गणितानेही बरोबर आहे, आणि हे गणित प्रत्येक सिस्टिमवाल्याने पाठ करावं असं आहे. ॲम्पची ताकद दुप्पट केली, म्हणजे शंभर वॉटचे दोनशे वॉट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला हा फरक कळतो, पण फार नाही. आवाज "दुप्पट झाला" असं माणसाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. शंभरचे हजार वॉट! उलट उघड्या जागेत स्पीकर आणि कान यांतलं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकटात मिळतात. दारातला स्पीकर गुडघ्याजवळ असतो, कानापासून साधारण मीटरभर. तो हेडरेस्टमध्ये नेला की अंतर वीतभर उरतं, पाव मीटर धरा. अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे १२ डेसिबल. हे मिळवायला ताकदीने जायचं म्हटलं तर सोळापट वॉट लागतील. दुसऱ्या शब्दांत, गुडघ्याजवळचे शंभर वॉट जे करतात ते कानाजवळचे सव्वासहा वॉट करतात. बंद गाडीत काचा आणि छत आवाज परतवत राहतात, तिथे हा हिशेब इतका सरळ लागत नाही. टप उघडा असला की बराच लागतो.

हे माझदाच्या लोकांना पहिल्यापासून माहीत होतं. पहिल्या पिढीच्या काही मिआटांत हेडरेस्टमध्ये स्पीकर कंपनीतूनच यायचे. २०१५ पासूनच्या चौथ्या पिढीत बोस कंपनीची नऊ स्पीकरची सिस्टिम मिळते, तिच्यातही हेडरेस्टचे स्पीकर आहेत. आणि लांब कशाला जा, २०२० साली आलेल्या थारमध्ये महिंद्राने स्पीकर डोक्यावर, छताखालच्या सांगाड्याला बसवून दिले. भाच्याच्या गाडीतही ते होते. ज्या माणसाने ते तिथे बसवायचं ठरवलं त्याला गाडी उघडी असणार हे ठाऊक होतं. भाच्याला ते "खेळण्यातले" वाटले.

आता बेसचं बघू, कारण पोरांचा खरा जीव बेसमध्ये असतो. बंद गाडीत बेस इतका छान का लागतो? पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. गाडी तिच्यापुढे डबी. डबीत ती लाट फिरत नाही, आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदमच वरखाली होतो, आणि छोटा वूफरही दणका देतो. गाडी जणू स्पीकरच्याच खोक्याचा भाग होते. टप काढला म्हणजे डबीचं झाकण काढलं. दाब साठायचा कुठे? सगळा वर निघून जातो. त्यात वाऱ्याचा घोंगावही मुख्यतः खालच्या सुरातला असतो, म्हणून वाऱ्यात आधी बुडतो तो बेस. ट्वीटरची झांज ऐकू येते, ढोल येत नाही. मग माणूस काय करतो, बेसचं बटण पूर्ण फिरवतो, नाहीतर बारा इंचाचे दोन वूफर मागतो.

आणि इथे या गोष्टीतली मेख आहे. गाडी शंभरच्या वेगात असताना आतल्या माणसाला कमी ऐकू येणारा तो बेस, गाडी सिग्नलला थांबली की तसाच वाजत असतो. वारा शून्यावर येतो, बटण तिथेच असतं. आणि गाडीला वर झाकण नाही. खालच्या सुराला भिंती अडवत नाहीत, खिडकी बंद करून तो थांबत नाही. पाचव्या मजल्यावरच्या माणसाने गाणं मागितलेलं नसतं, पण त्याच्या खिडकीची काच थरथरते. गाडीत बसलेल्याला वाटतं, माझी सिस्टिम अजून कमीच पडते. म्हणून मी म्हणतो, उघड्या गाडीतला मोठा वूफर मालकासाठी वाजतच नाही, गल्लीसाठी वाजतो.

बेस लागतोच, हे मला मान्य आहे. बेसशिवाय ढोलकी म्हणजे पत्र्याचा डबा. पण तोही जवळ आणता येतो. सीटखाली मावणारे चपटे, आठ इंची, आपल्याच ॲम्पसकटचे सबवूफर मिळतात. त्याहून गमतीची वस्तू म्हणजे शेकर. तो सीटच्या सांगाड्याला घट्ट स्क्रूने बसवतात. तो हवा हलवत नाही, सीटच हलवतो. बेस कानाने कमी आणि पाठीने जास्त कळतो, त्यामुळे मेंदू फसतो आणि खूश होतो. बाहेर उभ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. अरब पोरांना सुरुवातीला हे पटायचं नाही. बाहेरच्याला ऐकूच गेलं नाही तर सिस्टिम कशाला, असा त्यांचा स्वच्छ प्रश्न असायचा. निदान प्रामाणिक होते बिचारे. २०१७ पासून तिकडे गोंगाट करणाऱ्या गाडीला दोन हजार दिरहम दंड आणि लायसन्सवर बारा काळे गुण झाले, तेव्हा शेकरचा खप वाढला.

डिकीतल्या खोक्याबद्दल माझा आणखी एक राग आहे. मिआटासारखी गाडी बनवताना इंजिनिअर वजनाचा एकेक ग्रॅम मोजतात. चौथ्या पिढीची गाडी तर सगळी मिळून टनाच्या आसपास आहे, आणि डिकी १३० लिटरची, दोन बॅगा कशाबशा मावतील अशी. तिच्यात तीस किलोचा लाकडी खोका टाकायचा म्हणजे घोडा विकत घेऊन त्याच्यावर वाळूची गोण लादणं. वळणावर गाडीची ती चपळाई जाते, आणि त्या चपळाईचेच तर पैसे मोजलेले असतात.

म्हणून माझ्याकडे कोणी उघडी गाडी आणली की पहिला खर्च मी दारावर करायला सांगायचो. ग्राहकाला हे कधीच आवडत नाही, कारण दिसत नाही. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरचा पडदा पुढे जसा आवाज फेकतो तसा मागेही फेकतो, उलटा. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे आला की पुढच्याला खाऊन टाकतो, आणि बेस मरतो. ती भोकं बंद करायची, पत्र्याला ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट चिकटवायची, स्पीकरखाली पक्की कडी द्यायची. एवढ्याने स्वस्तातला स्पीकरही माणसात येतो. दार बंद करतानाचा आवाजसुद्धा बदलतो, पत्र्याचा खण्ण जाऊन लाकडी कपाटासारखा धप्प येतो. आपल्या शेजारी गोव्यात एके काळी सॅन स्टॉर्म नावाची छोटी दोन आसनी उघडी गाडी बनत होती, फायबरग्लासच्या अंगाची. तिचं दार मात्र मला कधी उघडायला मिळालं नाही. पत्र्याऐवजी फायबर असताना ते दार कसं बोललं असतं, हे कुतूहल राहूनच गेलं.

कोकणात तर आणखी एक शत्रू आहे, आणि तो शारजात नव्हता: पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि कापडी टप कितीही नवा असो, कुठेतरी शिवणीतून झिरपतोच. कागदी पडद्याचा स्पीकर एका पावसाळ्यात फुगतो. प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी कड घ्यावी; बोटीसाठी बनवलेले स्पीकर मिळाले तर उत्तम. समुद्राच्या खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढतो, म्हणून प्रत्येक जोड डाख देऊन, वर गरम केल्यावर आवळणारी नळी घालून बंद करायचा. नुसती तार पिळून टेप गुंडाळणारा कारागीर दिसला की गाडी वळवून घरी यावं.

इथवरचं सगळं मी भाच्याला शांतपणे सांगितलं असतं, तर कदाचित ऐकलं असतं त्याने. पण मी सांगितलं ते दुसरंच.

मी म्हणालो, "जमाना बघ. आपलं नाव बघ. आपल्या पोराच्या गाडीचा आवाज लोकांना जास्त मोठा ऐकू येतो."

हे वाक्य आपल्या घराघरात बोललं जातं. दाढीबद्दल, टोपीबद्दल, फेसबुकवरच्या पोस्टबद्दल, भाड्याच्या घराबद्दल. ते खोटं नाही. त्यामागे भीती आहे आणि भीतीमागे कारणं आहेत. पण भाचा माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे मामू, नाव दुसरं असतं तर वाजवलेलं चाललं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. तो गेला, आणि शहरातल्या एका दुकानातून दोन वूफर बसवून आला.

त्याच्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला, आणि मला माझी लाज वाटली. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये मशिदींच्या भोंग्यांवरून महाराष्ट्रात जे वातावरण तापलं होतं, तेव्हा मी याच जागी लिहिलं होतं की नियम सगळ्यांना एकच लावा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. मला हे सगळं मान्य आहे. अजान हवेत होती तेव्हा विजेचा शोधही लागलेला नव्हता. माझी मागणी एवढीच होती की डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन येणारा माणूस मशिदीसमोर थांबतो तसा मिरवणुकीच्या डीजेसमोर आणि लग्नाच्या वरातीसमोरही थांबावा.

ते यंत्र मग माझ्या भाच्याच्या गाडीसमोरही थांबलं पाहिजे. यंत्राला नाव वाचता येत नाही, हाच तर त्याचा मोठा गुण, आणि तोच गुण आपण दुसऱ्यांकडे मागतो. "आपलं नाव बघ" म्हणताना मी नेमका तो गुण सोडून दिला. नावामुळे गप्प बसणारा पोरगा उद्या नावामुळेच चिडून आवाज वाढवेल. काहीजण तसं करतातही. आमच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती काय दुसऱ्या कुणी आणून उभ्या केल्या? ते वाजवतात मग आम्ही का नाही, असं म्हणत आपल्याच मोहल्ल्यातल्या आजारी माणसाच्या छातीवर आपण त्या भिंती उभ्या करतो. सूरह लुकमानमध्ये लुकमान आपल्या मुलाला आवाज बेताचा ठेवायला सांगतो आणि गाढवाचा दाखला देतो. तो दाखला जुम्म्याच्या खुत्ब्यात मी पुष्कळदा ऐकला आहे. डीजेच्या गाडीपुढे उभं राहून कोणी दिलेला मात्र ऐकला नाही.

संगीत हलाल की हराम, हा वाद मी इथे काढत नाही. ज्यांना तो काढायचा असेल त्यांनी खुशाल काढावा. आमच्या गाळ्यात त्याच स्पीकरांतून फैरूझ वाजायची, रफी वाजायचा, आणि सिस्टिम जुळवताना मी स्वतः मिसरच्या कारी अब्दुल बासित यांची किरात लावायचो. त्याचं कारण निव्वळ धार्मिक नव्हतं. एकच आवाज, मागे वाद्य नाही, आणि मध्ये मध्ये घेतलेला श्वास. स्पीकर जरा जरी खोटं बोलला तरी त्या श्वासात पकडला जातो. ढणढणाटात शंभर खोट्या गोष्टी लपतात, एकट्या माणसाच्या आवाजात एकही लपत नाही.

तो श्वास मला आता ऐकू येत नाही.

तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. सिस्टिम जुळवायला मी ड्रायव्हरच्या जागी बसायचो, माझा डावा कान दारातल्या स्पीकरच्या बाजूला. एकोणीस वर्षं. कानात कधी काही घातलं नाही, कारण कानावरच तर पोट होतं. परत आल्यावर नात काहीतरी विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायचो, तेव्हा पोरं हसायची. मग एकदा कान तपासून घेतला. कागदावरची रेघ सरळ चालत येते आणि चार हजार हर्ट्झजवळ दरीत पडते. डॉक्टरांना काही विचारावं लागलं नाही, त्यांनी फक्त धंदा कोणता होता ते विचारलं. स, श, फ ही अक्षरं माझ्या डाव्या कानापर्यंत पोचत नाहीत. रात्री झोपताना मात्र एक बारीक शिटी वाजत राहते, आणि तिला बटण नाही.

आता हिशेब बघा. कामाच्या जागेसाठी मानली जाणारी एक मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबल आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. टप खाली करून महामार्गाच्या वेगात जाणाऱ्या गाड्यांत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ८५ च्या वर मोजला गेलेला आहे. म्हणजे गाणं लावायच्या आधीच कानाची उधारी सुरू झालेली असते. त्या वाऱ्याच्या वर गाणं ऐकायचं तर ते ९५ लागतं, १०० लागतं. रत्नागिरीहून कोल्हापूरला जायला तीन-साडेतीन तास. पंधरा मिनिटांची मुभा हातखंब्याच्या आसपासच संपते.

यावर उपाय आहेत आणि ते वूफरपेक्षा स्वस्त आहेत. काचा वर ठेवा. टप खाली असला तरी काचा वर असल्या की वाऱ्याचा मारा पुष्कळ कमी होतो. दोन्ही सीटच्या मागे जाळीची वारारोधक पाटी लावा, मागून उलटा फिरून येणारा वारा तीच अडवते. वेगानुसार आवाज आपोआप वरखाली करणारी सोय बऱ्याच स्टिरिओंत असते, ती चालू करा, म्हणजे सिग्नलला गाडी थांबली की गाणंही खाली बसेल. महामार्गाला लागलात की टप सरळ वर ओढून घ्या. गाणं ऐकायचं तर ते बंद टपात ऐका, आणि टप उघडाच ठेवायचा तर थोडा वेळ समुद्र ऐका. दोन्ही मजा एकाच वेळी पूर्ण हव्यात हा हट्ट आहे, आणि या हट्टावर आमच्या गाळ्यासारखे शेकडो गाळे चालतात.

भाच्याच्या दोन वूफरचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

पहिल्याच आठवड्यात तो रात्री साडेअकराला मित्राच्या हळदीहून परतला. आमची गल्ली अरुंद, दोन्हीकडे भिंती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू माझ्या बहिणीकडे आल्या आणि अगदी भाबडेपणाने विचारू लागल्या, "काल रात्री भूकंप झाला का गं? फडताळातली भांडी वाजत होती. ह्यांना तर उठून बसावं लागलं." त्यांच्या मिस्टरांची बायपास होऊन चार महिने झालेले. भाचा आतल्या खोलीत होता, त्याने ऐकलं. काकूंना खरंच कळलं नव्हतं की कळून त्या तसं म्हणाल्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोकणातल्या बायका आहेत, काही सांगता येत नाही.

तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात आणून म्हणाला, "मामू, जरा बघा, जळल्यासारखा वास येतोय."

बॉनेट उघडलं. बॅटरीपासून ॲम्पपर्यंत अंगठ्याएवढी जाड तार नेलेली, आणि बॅटरीजवळ फ्यूज नाही. तो फ्यूज बॅटरीपासून हात-दीड हाताच्या आत असावाच लागतो. तार कुठेही घासून पत्र्याला टेकली तर तोच गाडी वाचवतो. शिवाय इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून तार आत घेताना भोकात रबराची चकती घातलेली नव्हती. पत्र्याच्या धारेने तारेचं वेष्टण अर्धं कापलं गेलं होतं, काळं पडलं होतं. आणखी पाच-सहाशे किलोमीटर, कदाचित एखादा मोठा खड्डा, आणि कापडी टपाची गाडी. कापड किती वेळात पेटतं ते मी शारजात एकदा पाहिलं आहे.

मी त्याला ओरडलो नाही. बॅटरीची तार सोडली आणि ती काळी पडलेली जागा त्याच्या बोटाला लावून दाखवली. मग त्याच्या कपाळाला घाम आलेला पाहून मलाच वाईट वाटलं. पहिल्या दिवशी नाही म्हणून मी घरात बसलो होतो. मी बसवून दिलं नसतं तरी फ्यूज कुठे लावतात एवढं तरी सांगायला हवं होतं. नाही म्हणणारा माणूस पुष्कळदा एवढंच करतो. नाही म्हणतो आणि आत निघून जातो.

पुढचे दोन रविवार आम्ही दोघांनी अंगणात काढले. दारं खोलली, भोकं बुजवली, शीट चिकटवली. सांगाड्यावरचे कंपनीचे स्पीकर तिथेच ठेवले, फक्त बदलून चांगल्या पडद्याचे घातले आणि त्यांची तोंडं कानाकडे वळवली. दोन्ही सीटखाली एकेक शेकर. ॲम्प एकच, छोटा, फ्यूजसकट. सगळा खर्च त्या दोन वूफरच्या निम्म्यानेही झाला नाही. मग टप खाली करून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत गेलो. साठचा वेग, डाव्या हाताला समुद्र. भाच्याने एक कव्वाली लावली आणि घाटीवर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, आवाज तसाच ठेवून तो खाली उतरला. वीस पावलं लांब जाऊन उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "तिकडे नुसती कुजबुज येतेय, मामू." मग त्याने विचारलं, टाळ्यांच्या मागे बारीक पेटी आहे ती तुम्हाला ऐकू येते का. मी हो म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता बॅलन्स उजव्या बाजूला थोडा सरकवला.

ते दोन वूफर खोक्यासकट बहिणीच्या पडवीत पडून आहेत. दुकानदार परत घ्यायला तयार नाही. खोक्याचं वरचं तोंड सपाट आहे, आणि तिथे दुपारचं ऊन चांगलं येतं, म्हणून बहीण त्याच्यावर आमसुलं वाळत घालते.